शिंपल्यांचा हिशेब

ओब्दूलियाने पिशवी काउंटरवर उपडी केली
तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं.
बाहेर अरोसाची खाडी ओहोटीला लागलेली.

चार डब्या, दोन पाकिटं, एक चुरगळलेली चिठ्ठी.
डाव्या मनगटाला अजून प्लास्टर.
धक्क्याच्या तीन पायऱ्या, एवढंच निमित्त.
"हाड म्हणे लेस झालंय माझं," ती म्हणाली,
"कामारिन्यासच्या बायका विणतात तसली.
डॉक्टरने फोटो दाखवला. नक्षी छान होती हो."
तिला मी हसायला हवी होते, म्हणून हसले.

एका डबीवर शिंपल्याचं चित्र.
पंचेचाळीस वर्षं घोटाभर चिखलात वाकून
जे तिने खरवडून काढलं, किलोवर विकलं,
त्याचीच आता भुकटी,
तिलाच, पैसे मोजून.

कशा घेता?
"तीन. एकदम. उठल्या उठल्या,
थायरॉइडच्या गोळीबरोबर, एकाच घोटात.
जळजळीची पण तेव्हाच.
शेजारची रेमेदियोस म्हणते, जितकं जास्त तितकं हाड घट्ट."
मग आवाज खाली आणून:
"चार दिवस झाले, पोट साफ नाही."

मिलिग्रॅम सांगितले असते तर तिने मान डोलावली असती
आणि पुलापर्यंत जाताजाता विसरली असती.
मी विचारलं, दिवसाला किती शिंपले उचलू देतात तुम्हाला?
"माणशी ठरलेला कोटा. काट्यावर बाई बसलेली असते."
आणि जास्त आणले तर?
"परत पाण्यात. तिच्यादेखत."

तेच, ओब्दूलिया. अगदी तेच.
आतड्याच्या दाराशीही एक काटा आहे.
एका वेळी पाचशेच्या आसपास, त्यापुढे तो नीट मोजून घेत नाही.
पण उरलेलं टाकायला तिथे समुद्र कुठला?
तिथे आहे तुंबणारं पोट,
आणि मूत्रपिंड, जिथे तुमच्या ब्राइसला
"खडा झालेला," ती म्हणाली,
"फरशीवर लोळत होता. माहितीये मला."

म्हणून विभागून. ओहोट्या दोन, तसे घासही दोन.

थायरॉइडची गोळी पहाटे एकटी जाऊ दे,
साध्या पाण्याबरोबर. कॉफीसुद्धा मागून.
तिच्यात नि कॅल्शियममध्ये चार तास तरी जाऊ देत,
या दोघी एका घरात नांदत नाहीत.
आणि ही शिंपल्याची जेवणासोबत घ्यायची असते,
विरघळायला तिला आम्ल लागतं,
ते तर तुम्ही जळजळीच्या गोळीने विझवून बसलात!
तुम्हाला सायट्रेटची बरी पडेल. थांबा, डॉक्टरांना मी फोन लावते.

फोन वाजत राहिला. तोवर विचारलं,
काल काय खाल्लंत?
चालत्या हाताची बोटं मोडत ती सांगू लागली:
काट्यांसकट सार्डिन, ग्रेलोची भाजी बटाट्यात,
तेतिया चीजचा तुकडा ("छोटा," म्हणाली, डोळे चुकवून),
झोपताना पेलाभर दूध.
मी चिठ्ठीच्या पाठीवर आकडे मांडत गेले
आणि पेन्सिल मध्येच थांबली.

बरंचसं ताटातच होतं की.

मघाचं "दोन" मी खोडलं.
एक, ओब्दूलिया. तीही जेमतेम. डॉक्टर हो म्हणाले तर.

आणि ऊन?
"ऊन?" ती हसली. "टोपी, स्कार्फ, हातमोजे.
उन्हाने आम्हाला कधी पाहिलं?"
मग रक्तात ड जीवनसत्त्व किती ते तपासून घेऊ,
ते नसेल तर कॅल्शियम दारात उभंच राहतं,
आत घ्यायला कुणी येत नाही.

फोन झाला. तिने एक पाकीट ठेवून घेतलं,
शिंपल्याच्या दोन डब्या माझ्याकडे सरकवल्या.
"या परत पाण्यात."
रेमेदियोसला ती स्वतः सांगणार होती, आजच, अंगणातून, ओरडून.

दारात वळली.
"आणि पायऱ्या?"
कठडा धरून उतरायच्या.
"त्याची गोळी नाही?"
नाही.
"हं," म्हणाली,
आणि उजव्या हाताने कठडा शोधू लागली.