वाचक हवा

हलका हवा. फुकट हवा.
माझ्या लॅपटॉपला पेलेल असा.
लॅपटॉप म्हणजे पाचशे बारा मेगाबाइटचा म्हातारा,
डाव्या बिजागरीला तांब्याची तार,
एका मेलेल्या रेडिओतून काढून मीच गुंडाळलेली.

हूसुममध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं.
समुद्र बांधापलीकडे, दिसत नाही,
पण रोज काचेवर मीठ ठेवून जातो.
मी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करते
आणि अडलं की यूझनेटवर विचारते.
तिथे अजून शंभरेक जण उरलोत.
चित्रं नाहीत, लाल बदाम नाहीत, अंगठे नाहीत;
नुसती अक्षरं,
आणि दुसऱ्याच्या ओळीआधी एक बाणाचं टोक :
हे तू म्हणालास,
त्याखाली हे मी म्हणते.

सर्व्हरनं दाराला नवं कुलूप लावलं,
माझ्या जुन्या प्रोग्रामला त्याची किल्ली फिरवता येईना.
म्हणून ही शोधाशोध.

पहिल्यात पत्रं, दिनदर्शिका, वर हवामानसुद्धा.
हवामान मला खिडकी सांगते.
तो उघडेपर्यंत चार बटाटे सोलून झाले.
नाकापेक्षा मोती जड.
दुसरा फुकट होता, तीस दिवस.
तिसऱ्याला आमच्या अक्षरांवरचे दोन ठिपके दिसेनात,
प्रत्येक शब्दाच्या पोटात प्रश्नचिन्ह,
जणू मी स्वतःच्याच भाषेवर संशय घेतेय.

चौथा टाम्पेरेच्या कुणा विद्यार्थ्यानं लिहिलेला.
फ्लॉपीत मावेल, वर जागा उरेल.
काळा पडदा, राखाडी अक्षरं, माउसला रजा.
कळ दाबली की उघडतो,
दिव्याच्या बटणासारखा.
त्यात एकच गोष्ट नाही. सोबतच्या टिपणात तसं कबूल केलंय :
नको त्या माणसाला गप्प करायची यादी
पुढच्या आवृत्तीत येईल.

जुन्यात होती. तिच्यात एकच नाव होतं.
ऑर्टविन त्सोखे, ग्योर्लिट्स.
अकरा वर्षांपूर्वी तो चारचौघांत म्हणाला होता
की मी कपॅसिटर उलटा लावलाय.
मी लावला होता.
म्हणूनच तर.

नव्याला ठाऊक नाही मी काय वाचलंय,
त्याच्या लेखी सगळंच नवं.
त्यानं सगळी जुनी झाडं उलगडली, फांदीखाली फांदी,
आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाखाली
एक फांदी जास्त निघाली.

घरघर थांबत नाही, असं मी विचारलं तेव्हा
त्यानं आडव्या-उभ्या रेघांनी अख्खी आकृती काढली होती,
डाख कुठे द्यायचा तिथे एक फुली.
(ती घरघर मी तीन आठवडे ऐकली, मग रेडिओच विकला.)
हिरव्या डोळ्याचा व्हॉल्व्ह कुठे मिळेल, विचारलं,
तर हा : माझ्याकडे दोन आहेत, गेशे, पत्ता कळव.
मी हॅम्बुर्गला जाऊन ऐंशी युरो मोजले.
मग एके ठिकाणी, रात्री दोनच्या सुमारास लिहिलेलं :
तू हे वाचत नसशील, ठाऊक आहे.
तरी दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

बटाटे थंड झाले.
बाहेर वाऱ्यानं कुणाची तरी सायकल पाडली.

त्याचा शेवटचा मजकूर मार्चमधला आहे.
आठ महिने म्हणजे काहीच नाही,
इथे माणसं दोन-दोन वर्षांनी उगवतात, हरवलेल्या स्क्रूसारखी.
असं मी मला सांगते.

फिनलंडच्या पोराला कळवलं :
यादीची घाई नाही.

मग ती अकरा वर्षांपूर्वीची ओळ वर घेतली,
बाणाचं टोक आपोआप आलं.
तू कपॅसिटर उलटा लावलायस.
तिच्याखाली मी लिहिलं, हो.
आता पाठवायची कळ कोणती,
ते मदतीच्या पानात शोधतेय,
चष्मा कपाळावर असताना.