नंबर तीन

नकाशावर त्याचं नाव हंस सरोवर.
कौन्सिलच्या पाटीवर तीन बाण:
पक्षीघर, कॅफे, साडेतीन मैलांची चक्कर.
खाली लाल अक्षरांत,
पाणी खोल आणि गार आहे, पोहू नये.
नॉर्मन म्हणतो, हंसबिंस काही नाही,
हा नंबर तीन.

रात्रपाळी संपली की मी थेट इथे येते.
हातांना सॅनिटायझरचा वास,
बुटांत बारा तास उभे राहिलेले पाय.
आज हँडओव्हरला मी तेवीस म्हटलं.
रात्री वॉर्डात चोवीस होते.
घरी जाऊन झोप येत नाही अशा वेळी,
आणि नॉर्थॅम्प्टनशायरात रविवारी सकाळी सातला
उघडं असतं ते फक्त पाणी.

तो बाकावर असतो, मांडीत थर्मास,
गळ्यात दुर्बीण, जिच्यातून त्याला आता काही दिसत नाही.
नजरेच्या ऐन मध्यावर डाग पडलाय,
कडेकडेचं तेवढं उरलंय.
"तुला बघायचं तर मला त्या विलोकडे बघावं लागतं."
आणि बघतो विलोकडे, आणि म्हणतो,
दमलेली दिसतेस.

हे तळं त्यानं खणलंय.
बढाई नाही, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत घरी, बिस्किटांच्या डब्यात.
बासष्ट ते एकोणऐंशी, ड्रॅगलाइनच्या केबिनमध्ये,
खडी आणि वाळू, खडी आणि वाळू,
ट्रकामागून ट्रक, सगळी मोटरवेला गेली.
"तू ज्या रस्त्यानं आलीस ना, तो इथून गेलाय.
ही त्याची उरलेली जागा."
भरायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.
नेन नदी शेजारीच, पाणी सारखं झिरपायचं,
रात्रंदिवस पंप चालायचा.
शेवटच्या शुक्रवारी यानंच तो बंद केला
आणि घरी गेला.
"सोमवारी डबा विसरला म्हणून आलो, तर खड्ड्यात
दोन बदकं. जणू पत्ता देऊन बोलावलेली."

आता मी सांगायचं, त्यानं ऐकायचं.
पाणकावळा, खांबावर, पंख वाळत घातलेत.
राखी बगळा, नेहमीच्या जागी, नेहमीसारखा नाराज.
चांदवे सात, आठ, भांडताहेत.
चांदवा त्याला जमतो. तळं जमत नाही.
ळ आला की त्याची जीभ
बर्फावर पाय पडल्यासारखी घसरते,
आणि तो स्वतःच हसतो, खोकतो, पुन्हा प्रयत्न करतो.

मधेच पॅडलबोर्डवाली दोघं जातात, उभ्यानं,
कुणीतरी पाण्यावर केर काढत असल्यासारखी.
एक ओला लॅब्रडॉर आमच्यावर अंग झटकतो.
मालकीण तीनदा सॉरी म्हणते, कुत्रा एकदाही नाही.

आणि तो तुऱ्याचा पक्षी,
ज्याचं आमच्याकडचं नाव मला ठाऊक नाही.
गळ्याशी तांबूस झालर, डोळा लाल.
पाठीवर पिल्लं घेऊन फिरतो,
झेब्र्यासारखी पट्टेरी, पिसांत अर्धी बुडालेली.
गेल्या रविवारी चार होती.
खाली पाइक मासे आहेत, एकेक हातभर लांब.

"किती?" त्यानं विचारलं.
मी मोजली.
बाकाच्या टोकाला सरकून पुन्हा मोजली.
आई वेतासारखी वळली तेव्हा दुसऱ्या बाजूनं मोजली.
"चार," म्हणाले.

नॉर्मननं मान जराशी कलती केली,
कान पाण्याकडे.
पिल्लांची ती बारीक, हट्टी पीं पीं.
पॉप्लरांच्या रांगेपलीकडे मोटरवे घुमत होता.
बराच वेळ गेला.
मग त्यानं थर्मासच्या झाकणात माझा चहा ओतला,
कडेला बोट लावून, बोटाला चटका बसेपर्यंत,
आणि विलोकडे बघत झाकण माझ्यापुढे धरलं.

"तीन," म्हणाला.
"पण तू रात्रभर जागी आहेस."