करंगळीखालचं हाड

फोटोत हाड पांढरं, त्यावरची पट्टी त्याहून पांढरी,
पाच स्क्रू.
मी विचारलं, यष्टीमागे कधी उभा राहू?
डॉक्टर म्हणाले, आधी शर्टाचं बटण लाव.

बटण लागायला एकोणीस दिवस गेले.
मग बादलीभर तांदूळ.
शायनी सिस्टरने त्यात गोट्या पुरल्या होत्या,
म्हणाली, डोळे मिट आणि शोध.
दाभोळला फोनवर हे सांगितलं
तर आई म्हणाली, तांदूळ टाकू नकोस हो,
धुऊन घे.

सोहारला ऑक्टोबरात पहाट जरा माणसात येते.
बंदरावरची रात्रपाळी संपवून पोरं थेट वादीत,
सिमेंटवर अंथरलेली चटई, बाकी सगळी खडी.
एप्रिलात इथेच, चटईच्या कडेवर टप्पा पडून
एक चेंडू उडाला होता.
आवाज फार नव्हता.
वाळकी काटकी मोडावी, तेवढाच.

माझे ग्लव्हज सहा महिने हैथमकडे होते.
आज त्याने काढून दिले,
आतून ओलसर,
त्याच्या बोटांना सरावलेले.

पहिला चेंडू.
कुठे येणार ते ठाऊक होतं,
पाय गेले, नजर गेली,
हात मात्र उंबऱ्यावर घुटमळला
उधारी मागायला आल्यासारखा.
चार बाईज.
एरवी शाहदाद माझ्या सात पिढ्या उद्धरतो,
आज टोपी नीट करत राहिला.
स्लिपमधून कोणीतरी म्हणालं, होतं असं.
होतं असं!
पट्टी बसवताना इतकं दुखलं नव्हतं.

सामना संपला. हरलो की जिंकलो, विचारू नका.
मी पिकअपला टेकून चहा पीत होतो,
डाव्या हातात कागदी कप,
आणि मागून शाहदाद ओरडला, "मुकादम!"
वळलो तर किल्ल्या हवेत.

उजव्या हाताने त्या घेतल्या.
मला न विचारता.

नेमक्या पट्टीवर बसल्या.
करंगळीच्या टोकापर्यंत कळ गेली,
चहा सगळा बुटांवर.
शाहदाद म्हणाला, तू चालव, मला झोप येतेय.

स्टिअरिंग तापलं होतं.
चार बोटांनी धरलं,
करंगळी जरा वेळ बाहेरच राहिली,
मग तीही.