वरचं पाणी

सोलापूरहून आणला तेव्हा वीतभर होता.
पिशवीत हवा भरून, तोंडाला रबर गुंडाळून
एस.टी.त मांडीवर घेतलेला.
औशापर्यंत कंडक्टर दोनदा वाकून बघून गेला,
तिसऱ्यांदा म्हणाला, ह्याचं तिकीट?

मुजीबभाई म्हणाले होते,
अरोवाना आहे, घरात लक्ष्मी येते.
लक्ष्मीचं माहीत नाही.
लातुरात आमच्याकडं नळ नवव्या दिवशी येतो.

मी जळालेल्या मोटारी भरतो, औसा रोडला.
जुनी तार उकलायची, नवी गुंडाळायची.
कुणाच्या बोअरची किती फुटांवर जळाली
एवढं विचारलं की कळतं
यंदा पाणी कुठं जाऊन बसलंय.
सातशे. साडेआठशे.
आणि संध्याकाळी घरी येऊन बसतो
अशा एका माशासमोर
जो वरच्या चार बोटं पाण्यातच राहतो.

बुडालेलं तो खात नाही.
तरंगेल तेच त्याचं.
हनुवटीला दोन मिशा, पुढं धरलेल्या,
लाईट गेल्यावर काडेपेटी शोधणाऱ्या हातांसारख्या.
खवले अजून कोवळे,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढे.

खाली बघायची सवय लागली
तर डोळा कायमचा उतरतो म्हणे.
म्हणून पाण्यावर टेबल टेनिसचा चेंडू सोडलाय.
चेंडू फिरेल तिकडं तो,
नजर वर.

पोरं रिंग रोडच्या दिव्याखालचे नाकतोडे आणतात,
रुपयाला दोन.
उडी मारतो, म्हणून झाकणावर वीट.
ड्रम दोन दिवस उघडा ठेवायचा,
औषधाचा वास उडाला की मग ते पाणी टाकीत.
उज्ज्वला बादल्या मोजते,
"आधी ह्याचं, मग धुण्याचं?"
काढलेलं पाणी मात्र तीच कढीपत्त्याला नेते.
आम्ही त्याला नाव ठेवलं नाही.
नावं गल्लीनं ठेवली, ती आम्हाला.

मे महिन्यात एका रात्री डीपी जळाला.
टाकीतला पंप बंद.
तो वर येऊन तोंड उघडायला लागला,
मिटायचा, उघडायचा.
मी मग घेतला.
टाकीतलंच पाणी भरायचं, उंच न्यायचं, सोडायचं.
भरायचं, सोडायचं.
उज्ज्वलाच्या हातात बॅटरी.

कूलर गप्प, पंखे गप्प, कुत्रीसुद्धा गप्प.
अशा रात्री पाणी पडल्याचा आवाज
किती घरं ओलांडून जातो
हे मला ठाऊक नव्हतं.

अडीचला दार वाजलं.
शेवंताबाई, काखेत घागर, हातात घागर,
मागं नातू, गळ्यात पाइपाचं वेटोळं,
त्याच्या मागं अजून दोघी.
"नळ आलाय व्हय? आवाज यायलाय."

मी मग धरून उभा.
काय सांगणार.
बॅटरीचा उजेड टाकीवर,
काठोकाठ चार फूट पाणी,
आणि त्यात एक वीतभर जीव.

मी शिव्यांची वाट बघत होतो.
त्या दोघी निघून गेल्या, न बोलता.
ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.
शेवंताबाईंनी घागरी खाली ठेवल्या,
काचेला नाक लावलं.
"दम लागलाय का त्याला?"
लागलाय.
"सरका."

त्यांची धार माझ्यापेक्षा बारीक, आणि उंचावरून,
पातळ ताक ओततात तशी.
बुडबुडे तळापर्यंत गेले.
मनगट दुखलं की मी, मग पुन्हा त्या.
नातू पाइपावर डोकं ठेवून झोपला.

पावणेपाचला लाईट आली.
पंप घुरघुरला. चेंडू हलला.
रिकाम्या घागरी उचलताना त्यांनी विचारलं,
"केवढं होतंय हे?"
तीन फूट, मी म्हणालो.
त्यांनी टाकीकडं बघितलं,
लांबीकडं नाही, रुंदीकडं.
"मग वळंल कसं?"

सोलापुरात मी हे विचारलंच नव्हतं.