तंगूस

पाचशे रुपये. होडी माझी, मासा तुमचा.
एवढं ठरलं आणि गुंडेटी बसले,
केतूरच्या काठावरून, उजाडायच्या आधी.
सोलापूरहून रात्रीच्या एसटीने आलेले, चपला हातात.
पोहता येत नाही म्हणाले.

मे महिन्यात उजनी उतरते,
जुन्या विहिरीचं तोंड पाण्यालगत येतं.
तिच्या कपारीत मरळ असते.
हे मी सगळ्यांना सांगत नाही.
यांनी डबा उघडला आणि चिंचेचा भात
आधी माझ्याकडे सरकवला, म्हणून.

दहापर्यंत काही नाही. ऊन नुसतं.
मग ओढ बसली, तंगूस दगडाला घासला, तुटला.
गिऱ्हाईक अशा वेळी शिव्या घालतं,
मला नाहीतर माशाला.
हे गप्प. बोट दाखवलं, तरंड तिकडं पळत होतं.
वल्हं मारलं. टोक धरलं त्यांनी,
दुसऱ्या टोकासकट ओठात ओलं केलं
आणि पाण्याकडे बघत बघतच गाठ मारली.
“चाळीस वर्षं चादरी. धागा तुटायचाच.”

मरळ दीड किलोची.
निघताना माझ्या जाळ्याचं एक भोक
सांधून दिलं, न विचारता.
कुठलं ते
आता चाचपून सापडत नाही.