चार अठ्ठावन्न

चिहायाच्या वडिलांनी सकाळीच कागद वाटले,
चौघांना चार प्रती.
नऊ दहा, निघणे.
नऊ बेचाळीस, किल्ला.
आणि अगदी तळाशी
चार अठ्ठावन्न, सूर्यास्त.
मला आकडे तेवढे कळले.
बाकीचं चिहायानं गाडीत वाचून दाखवलं,
हसू नकोस, हेही त्यातच.

त्यांना कात्सुबेसान म्हणायचं असतं.
मी मनात काका म्हणून बसलो
आणि मग ते दिवसभर
काकाच राहिले.

मात्सुएचा किल्ला काळा,
आत बूट काढायचे.
जिने इतके उभे
की चढताना पुढच्याचे नुसते मोजे दिसतात.
काकांच्या डाव्या टाचेला
निराळ्या रंगाच्या दोऱ्याची शिवण.
वर पोचल्यावर सगळे तलाव बघत होते,
काका खाली छपरांमध्ये
काहीतरी शोधत होते.

मग खंदकातली होडी.
पायांवर रजई, रजईखाली शेगडी,
नोव्हेंबर बाहेरच्या बाहेर.
ठेंगणा पूल आला की नावाडी होडीचं छतच खाली घेतो
आणि लहानथोर सगळ्यांनी वाकायचं.
पहिल्या पुलाखाली मला हसू फुटलं.
दुसऱ्याखाली चिहायाच्या आईचं कपाळ
माझ्या गुडघ्यापासून वीतभर,
तशाच वाकल्या वाकल्या त्यांनी विचारलं,
तुझी आई उठली असेल का रे आता?

तिकडे साडेसात.
पाणी भरून झालं असेल तिचं, मी म्हणालो.

इथे चिहाया अडली.
पाणी येतं म्हणजे? ते जातं कुठे?
पण काका छत वर जायच्या आधीच ताठ झाले,
डोकं आपटलं, तरी विचारत राहिले:
किती वाजता येतं?
किती वेळ?
दाब किती असतो?

छत्तीस वर्षं नगराच्या पाणीखात्यात.
मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर कागदावर नव्हतं ते.
गाडी उजवीकडे वळायची ती डावीकडे,
सामुराईंची घरं राहिली,
चहाघर राहिलं.
तारेच्या कुंपणामागे एक बुटकी इमारत,
बंद, राखाडी,
तिचा फोटो कोणी काढणार नाही.
काका तिच्यासमोर असे उभे
जसं आपण कुणाची ओळख करून देताना
थोडं बाजूला होतो.

मग रस्त्यातल्या एका लोखंडी झाकणापाशी उकिडवे बसले,
रुमालानं त्यावरची पानं पुसली.
गळती दिसत नाही, म्हणाले, ऐकावी लागते.
रात्री दोनला, गाव निजलं की
लांब सळईचं एक टोक नळाला
आणि दुसरं कानाला.
बर्फात हाताला सळई चिकटायची.
फुटका नळ कसा बोलतो
तेही त्यांनी करून दाखवलं,
ओठ मिटून, बारीक, सलग,
एक बाई सायकलवरून उतरून बघत राहिली.

चिहाया भाषांतर करायची थांबली होती.
मग मला नाही, स्वतःलाच म्हणाली,
मला वाटायचं, बाबा दारू प्यायला जातात.

सदतीस मिनिटं उशीर.
काकांनी चारही प्रती परत मागितल्या,
बोनेटवर ठेवून पेनानं वेळा सुधारल्या.
सूर्यास्त तेवढा होता तसाच ठेवला,
तो त्यांच्या खात्यातला नव्हता.

शिंजी तलावाच्या काठावर आम्ही आठ मिनिटं आधी.
कॅमेरे, तिपाया, गरम कॉफीचे डबे,
आणि पश्चिमेला ढगांची गोधडी,
कुठेही एक टाका उसवलेला नाही.
चार अठ्ठावन्न झाले. पाच झाले.
लोक पांगले.
काका माझ्याकडे वळले, हात मांड्यांना लावून
कमरेत वाकले,
सूर्याच्या वतीनं माफी मागितली.
मीही वाकलो. दुसरं काय करणार.
डोक्यावर पूल नव्हता इतकंच.

रात्री शिजिमीचं कढण,
आपल्या तिसऱ्यांच्या धाकट्या काळ्या बहिणी.
बशीत शिंपले वाजत होते,
चिहाया बापाला एकेक गल्ली विचारत होती,
आणि तिथे? आणि शाळेपाशी?
मला कोणी काही सांगत नव्हतं,
मी भात वाढून घेतला.

डिसेंबरात पाकीट आलं.
आत तोच कागद, काकांची प्रत,
प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण,
तळाच्या ओळीपुढची लाल, नवी.
शेजारी तारीख, आम्ही गेल्यानंतर अकरा दिवसांनी,
आणि दुरुस्ती:
चार पंचावन्न.