माग

साखर पेठेतली शाळा, सहावी ब.
"'माग' वाक्यात वापरा," मी म्हटलं.

पोलिसांनी चोराचा माग काढला —
चाळीस वह्यांत तोच चोर, तेच पोलीस.
एकीचा देव म्हणाला,
माग, काय हवं ते माग.

मल्लेशम येमुलनं आधी
घरातलं 'मग्गम' लिहिलेलं, मग खोडलेलं.
खाली मराठीत :
आमचा माग भंगारात गेला.
फरशीत बोल्टांची चार भोकं आहेत.
अम्मा त्यावर चटई टाकून विड्या वळते.
खटखट नाही म्हणून
नान्नाला झोप येत नाही.

एकच वाक्य सांगितलं होतं.
लाल पेन बराच वेळ उघडं राहिलं.

शेवटी त्या खोडलेल्या शब्दाखाली
बारीक टिंबं दिली,
छापखान्यात देतात तशी :
राहू द्या.